सारख्याच दोन गाठी

ज्या तालुक्याच्या गावी हे घडलं त्याचं नाव मी लिहीत नाही. डॉक्टरसाहेबांची मुलं-नातवंडं आहेत, वकिलांचं घरही अजून तिथे आहे. जिल्हा बुलढाणा, दिवस दुसऱ्या महायुद्धाचे. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं, त्यामुळे आमच्या नेमणुकांचे कागद नागपूरहून यायचे. माझाही तसाच आला होता.

मी जानेफळची. सतराव्या वर्षी नवरा गेला. थोरला भाऊ शाळामास्तर होता, त्याने घरच्यांचं न ऐकता मला नागपूरला दायीच्या आणि नर्सच्या शिक्षणाला घातलं. परत आले तेव्हा सरकारी दवाखान्यात जागा मिळाली आणि दवाखान्यामागची एक खोली. गावात सगळे मला नर्सबाई म्हणायचे, माझ्या आईच्या वयाच्या बायासुद्धा.

डॉक्टरसाहेब बाईमाणसाला सहसा स्वतः तपासत नसत. त्यांना संकोच होता असं नव्हे, बाया तयार होत नसत. दवाखान्यात एका कोपऱ्यात दोरीवर हिरवा पडदा होता. बाई आणि मी पडद्याच्या आत, डॉक्टरसाहेब बाहेर खुर्चीवर. ते विचारायचे, मी हाताने चाचपून सांगायचे. तीन वर्षांत आमची सवय अशी बसली होती की त्यांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत माझं उत्तर तयार असे.

पोळ्याच्या आधी वकिलांच्या घरून बोलावणं आलं. वकिलीणबाई पुण्याकडच्या, वय चाळिशीच्या आतबाहेर. आमची बोली ऐकून पहिल्यांदा त्यांना हसू यायचं, पण मनाने फार सरळ बाई. त्यांनी दार लावून घेतलं आणि डाव्या बाजूला बोट दाखवलं. डॉक्टरसाहेब दाराबाहेरच्या ओसरीवर उभे होते.

"केवढी आहे?"

"सुपारीएवढी, साहेब."

"हलते का?"

"नाही. घट्ट आहे."

"वरची कातडी?"

"एका ठिकाणी आत ओढल्यासारखी दिसते."

"काखेत काही लागतं?"

मी काखेत बोटं फिरवली. "नाही लागत."

मग वकिलांना घेऊन ते अंगणात गेल्याचं ऐकू आलं. वकिलीणबाईंनी माझं मनगट धरलं. "नर्सबाई, ते आत का बोलत नाहीत?" मी म्हटलं, "औषधाचं बोलत असतील." मला तेव्हा खरंच पुरतं कळलं नव्हतं. नागपूरला असा आजार पुस्तकात वाचला होता, हाताखाली पहिल्यांदा आला होता.

त्याच दुपारी डॉक्टरसाहेबांनी मुंबईच्या मोठ्या इस्पितळाला पत्र लिहिलं. मला बसवून पुन्हा एकदा सगळं विचारून घेतलं. लिहिता लिहिता म्हणाले, "कॅन्सर आहे. एक आठवडाही घालवायचा नाही. या रोगात दिवस मोजावे लागतात." वकिलांचे एक मेहुणे दादरला राहत. आठवडा पुरा व्हायच्या आत ती मंडळी गेलीसुद्धा.

बारा दिवसांनी, बाजाराच्या दिवशी, पिंजारीण आली.

गावात गाद्या-रजया भरणारं एकच घर होतं. नवरा धनुकलीवर कापूस पिंजायचा, ही टाके घालायची. दसऱ्यापासून होळीपर्यंत दोघं घोड्यावर सामान लादून गावोगाव फिरत, डोणगावला तिचा भाऊ होता तिथे मुक्काम करून आसपासची खेडी करत. तिला सगळा गाव चाची म्हणायचा. वय वकिलीणबाईंइतकंच असेल, पण केस पांढरे झाले होते. बाजारच्या दिवशी दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसे. ती भिंतीला टेकून दोन तास थांबली होती आणि आत आल्यावर अगदी माफी मागितल्यासारखी म्हणाली, "काही तकलीफ नाही बाई, दुखत नाही. फक्त हे पाह्यजो, टाके घालताना हाताले लागते."

डाव्या बाजूलाच होती. मी बोटं ठेवली, उचलली आणि पुन्हा ठेवली.

पडद्यापलीकडून डॉक्टरसाहेबांनी विचारलं, "काय आहे?"

"गाठ आहे, साहेब."

"केवढी?"

"सुपारीएवढी."

"हलते?"

"नाही."

"कातडी?"

"ओढल्यासारखी आहे. काखेत काही लागत नाही."

तेच शब्द होते. मला वाटलं आता ते उठतील, नवऱ्याला बोलावतील. पण पडद्याच्या फटीतून दिसलं, त्यांनी रोजची चिठ्ठी ओढली आणि कंपाउंडरसाठी मलमाचं नाव लिहिलं. मी पडदा सारून बाहेर आले. त्यांना ऐकू आलं नसेल असं समजून हळूच म्हटलं, "साहेब, गाठ हलत नाही."

"ऐकलं मी," ते म्हणाले. "दुसरी बाई घ्या."

पिंजारीण मलमाची डबी घेऊन गेली. जाताना तिने मला हसून हात जोडले.

गर्दी सरल्यावर मी त्यांच्या टेबलाशी उभी राहिले. ते माणूस वाईट नव्हते, हे मला आधीच सांगितलं पाहिजे. प्लेगात कित्येकजण पळाले तेव्हा ते गावात राहिले होते. गरिबाकडून कधी काही घेत नसत.

"साहेब, वकिलीणबाईंसारखीच आहे."

"माहीत आहे मला."

"मग सांगितलं काऊन नाही?" घाईत माझी बोली तोंडातून निघून गेली.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "सांगून काय करतील? मुंबईला कुठे उतरतील? कोण त्यांच्याशी बोलेल? घरातलं होतं नव्हतं विकून तिकडे जातील, दारोदार हिंडतील, आणि बाई तिथे मरेल. नवरा-पोरं उघड्यावर येतील. मलम लावून निदान आपल्या माणसांत मरेल. दुखत नाही तोवर सुखाने टाके घालील. नर्सबाई, मी वीस वर्षं हे पाहतोय."

त्यांनी जे सांगितलं त्यातलं एकही वाक्य खोटं वाटत नव्हतं, आणि तरी सगळं मिळून चुकीचं होतं.

तीन दिवस मी गप्प होते. भीती होती. नोकरी गेली तर जानेफळला भावाच्या घरी परत, पांढऱ्या कपाळाने चुलीपुढे. चौथ्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, दवाखाना बंद झाल्यावर पदर डोक्यावरून घेऊन मी पिंजाऱ्याच्या घरी गेले. नवरा नुकताच नमाजाहून आला होता. त्याने घाईने बाज झटकून मला बसायला दिली. सगळ्या घरात कापसाचे तंतू तरंगत होते, बोलताना ओठाला लागत.

मी म्हटलं, "चाची, ती गाठ मोठ्या दवाखान्यात दाखवली पाह्यजे."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ती म्हणाली, "पण डॉक्टरसाहेबानं तं मलम देलं. लावून राह्यली ना मी, दोन टाइम."

"मलमानं जाणार नाही ते."

"साहेब म्हणते जाईन, तुमी म्हणता जाणार नाही." नवरा हळू बोलत होता, पण त्याच्या आवाजात धार आली होती. "नर्सबाई, राग नोका मानू. तुमी डॉक्टर हात का?"

"नाही."

"मंग?"

खरं तर एकच उत्तर होतं. डॉक्टरलाही माहीत आहे, त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही. आणि त्या रोगाचं नाव. दोन्ही माझ्या जिभेवर होती. पण मी म्हटलं, "मले भीती वाटते म्हणून सांगतलं. एकदा दाखवून या."

पिंजारीण हसली. "दुखत नाही, खुपत नाही, त्याले काय भ्यायचं? आता दसरा आला. सीझन गेला तं सालभर खायचं काय? होळीनंतर पाहू."

होळी सहा महिन्यांवर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिंजारी दवाखान्यात आला. ओळीत थांबला आणि त्याची पाळी आल्यावर, दहा-पंधरा माणसांसमोर, अगदी भोळेपणाने त्याने विचारलं, "साहेब, नर्सबाई म्हणते घरवालीले मोठ्या दवाखान्यात न्या. नेऊ का? तुमी म्हणान तं नेतो. घोडं विकून नेतो."

मी औषधांच्या कपाटाशी होते. हातातली बाटली खाली ठेवायचंही मला सुचेना. डॉक्टरसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. इतकं सरळ त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मी मनात म्हणत होते, हो म्हणा. आता विचारलं आहे त्याने, आता तरी हो म्हणा.

"घाबरायचं कारण नाही," ते म्हणाले. "मलम चालू ठेवा."

त्याचा चेहरा असा खुलला की मला बघवेना. जाताना मला म्हणाला, "तुमी मायेनं सांगतलं बाई, समजते मले."

दुपारी साहेबांनी मला बोलावलं. उभ्यानेच सांगितलं की पुन्हा असं झालं तर बुलढाण्याला सिव्हिल सर्जनकडे कागद जाईल. मी मान हलवली. आणि त्यानंतर चार-साडेचार महिने मी एक शब्द बोलले नाही. पुढे मी जे काही केलं ते सांगताना लोक माझं कौतुक करतात, म्हणून हे महिने मी मुद्दाम लिहिते. पिंजारी मंडळी दसऱ्याला गावाबाहेर पडली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

वकिलीणबाई कार्तिकात परतल्या. डावी बाजू पूर्ण काढली होती, वरून क्ष-किरणांचा, आमच्या भाषेत विजेचा, शेक दिला होता. कातडी जळल्यासारखी काळी पडली होती, तिथे रोज पट्टी बदलावी लागे. मी रोज सकाळी जायचे. हळूहळू त्या भिंतीवर बोटं चढवून हात वर न्यायला शिकल्या. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, वेळेवर आलात. हे वाक्य त्या पुन्हा पुन्हा म्हणत आणि मी पट्टीची गाठ मारत राहायचे.

संक्रांतीच्या सुमारास त्यांनी घरातल्या गाद्या पिंजायला काढल्या आणि डोणगावहून पिंजाऱ्याला बोलावून घेतलं. सकाळी मी गेले तेव्हा अंगणात धनुकलीचा टणत्कार चालला होता. पिंजारी कापूस उडवत होता आणि ओसरीच्या कडेला ती बसून गादीला टाके घालत होती. उजव्या हाताने. डावा हात मांडीवर तसाच पडलेला. मला पाहून हसली, पण उठली नाही. चोळीला डाव्या बाजूला ओला डाग होता. आणि जवळ गेल्यावर तो वास आला, जो मी नंतर आयुष्यभर कुठेही ओळखू शकले.

वकिलीणबाई दारात उभ्या होत्या. त्यांनीही पाहिलं होतं.

"हिला आत घेऊन या," त्या म्हणाल्या.

पिंजारीण उंबऱ्याशी थबकली. ओसरीच्या पलीकडे ती कधी गेली नव्हती. वकिलीणबाईंनी तिला दंडाला धरून माजघरात घेतलं, दार लावलं आणि मला म्हणाल्या, "बघा."

गाठ फुटली होती. भोवतीची कातडी लाकडासारखी. काखेत मी बोटं घातली आणि तिथे आता तीन गाठी होत्या, एकमेकींना चिकटलेल्या.

"नासूर झाला जी," पिंजारीण वकिलीणबाईंना सांगत होती. "मलमाच्या सात डब्या झाल्या. नवऱ्याले सांगतलं नाही मी. सीझनात त्याले काऊन तरास देऊ?"

वकिलीणबाईंनी पदर बाजूला केला, चोळीची गाठ सोडली. त्यांची सपाट, काळवंडलेली छाती आणि काखेपर्यंत गेलेला लांब व्रण मी रोज बघत होते, पण त्या दिवशी मलाही धक्का बसला. त्यांच्या जावांनीसुद्धा ते पाहिलेलं नव्हतं. पिंजारीण एकटक बघत राहिली. तिने बोट पुढे केलं, व्रणाजवळ नेलं आणि शिवलं न शिवलं करून मागे घेतलं.

"तुमालेही झालं होतं?"

"हो."

"अस्संच?"

"अस्संच. सुपारीएवढं असताना काढलं."

"माह्यंही सुपारीएवढंच होतं," पिंजारीण म्हणाली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. काहीतरी जुळवत असल्यासारखी. "नर्सबाई, तू आली होतीस घरी. तेव्हा तुले माहीत होतं?"

"हाव."

"साहेबाले?"

वकिलीणबाई माझ्याकडेच बघत होत्या.

"हाव चाची. साहेबालेही."

बाहेर धनुकली वाजत होती. वकिलीणबाईंनी चोळी बांधली आणि फार कोरड्या आवाजात मला विचारलं, "कधी तपासलंत हिला?"

"तुमच्यानंतर बारा दिवसांनी."

"आणि रोज माझी पट्टी बदलत होतात."

त्या पुढे काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या दिवशी वकील आणि त्यांच्यात मोठं भांडण झालं. वकिलांची आणि डॉक्टरसाहेबांची बैठक एक होती, त्यांना या भानगडीत पडायचं नव्हतं. बाईंनी ऐकलं नाही. त्यांनी मुंबईला नेण्याची तयारी दाखवली, दादरच्या मेहुण्यांना तार करते म्हणाल्या. पण पिंजारी मुंबईचं नाव काढताच हादरला. "आमी तिथं हरवून जाऊ बाईसाहेब," एवढंच तो म्हणत राहिला. शेवटी ठरलं की मलकापूरहून आगगाडीने काही तासांवर एक मिशनचा दवाखाना होता, तिथे एक गोरी बाईडॉक्टर शस्त्रक्रिया करत असे, तिथे न्यायचं. मी सोबत जायचं.

रजेचा अर्ज घेऊन मी साहेबांपुढे उभी राहिले. "पिंजारणीला घेऊन जाते," मी म्हटलं. "कागद पाठवायचा असेल तर पाठवा."

त्यांनी अर्ज वाचला, सही केली. मग खण उघडून पत्राचा कागद काढला. मुंबईला लिहिलं होतं तोच जाड कागद. बराच वेळ लिहीत होते. लिफाफा बंद न करताच त्यांनी माझ्या हातात दिला आणि खुर्ची वळवून खिडकीकडे बघत बसले.

पेट्रोल मिळत नसल्यामुळे मोटारी तेव्हा कोळशाच्या गॅसवर चालायच्या. गाडीमागे लोखंडी भट्टी बांधलेली, चढ आला की उतरून ढकलावं लागे. बुलढाण्याअलीकडच्या चढावर आमची मोटार दोनदा बंद पडली. पिंजारी उतरून ढकलत होता, ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून होती. अंगात ताप. बाईडॉक्टर बुधवारीच शस्त्रक्रिया करते असं कळलं होतं, आणि तो मंगळवार होता. गाडी चुकली की आठ दिवस गेले. मी सारखी रस्त्यावरचे मैलाचे दगड बघत होते. त्या महिन्यांत मी स्वतः किती दिवस घालवले ते मनात येत होतं आणि तरी एका संध्याकाळसाठी माझा जीव खालीवर होत होता.

मलकापूरला पोचलो तेव्हा फलाटावर शिपायांनी भरलेली एक गाडी उभी होती आणि आमची तिच्यामागे अडकून पडली होती. कापसाच्या गठाणींवर चाचीला निजवलं. एका हमालाने न विचारता तिच्यासाठी पाणी आणून दिलं. तिने डोळे उघडून विचारलं, "बाई, कापतील तं पुरंच काढतील ना?"

"पुरंच."

"मंग मी टाके घालू शकन?"

"उजव्या हातानं घालशील."

"उजव्याच हातानं तं घालते," ती म्हणाली आणि पुन्हा डोळे मिटले.

बाईडॉक्टरने आम्हाला बुधवारी सकाळीच घेतलं. पत्र तिने दोनदा वाचलं. त्यात साहेबांनी सगळं लिहिलं होतं, पहिल्यांदा कधी पाहिलं, गाठ तेव्हा केवढी होती, काखेत तेव्हा काही नव्हतं हेसुद्धा. त्यांनी स्वतःला वाचवलं नव्हतं. ती मोडक्या मराठीत म्हणाली, "तेव्हा आणली असती तर. तेव्हा का नाही आणली?" मी नर्सच्या पोशाखात होते, म्हणून तिने मलाच विचारलं. पिंजारी माझ्या शेजारी उभा होता. मी म्हटलं, "त्यांना कोणी सांगितलं नाही." ती हात धुवायला गेली.

शस्त्रक्रिया पार पडली. काखेतलं सगळं निघालं नाही, हे तिने मला बाजूला घेऊन सांगितलं. विजेचा शेक तिथे नव्हता. आणि मग म्हणाली, "घरच्यांना तू सांगशील की मी सांगू?"

मी म्हटलं, "मी सांगते." आठ दिवसांनी, ती उठून चालू लागल्यावर, संध्याकाळी दवाखान्याच्या आवारात कडुलिंबाखाली बसून मी दोघांना सगळं सांगितलं. रोगाचं नाव सांगितलं, काय काढलं, काय उरलं ते सांगितलं. पिंजारी रडला. ती रडली नाही. तिने विचारलं, "किती दिवस?" मी म्हटलं, "माहीत नाही. वर्ष, दोन वर्षं." तिने बोटांवर काहीतरी मोजलं. एकुलत्या पोरीचं लग्न व्हायचं होतं, त्याचा हिशेब असावा.

ती दीड वर्ष जगली. त्यातलं एक वर्ष बरं गेलं. पोरीचं लग्न डोणगावला झालं, तिने नवरीसाठी रजई स्वतः शिवली, मी त्या लग्नाला गेले होते. नंतर पाठीत दुखायला लागलं. शेवटचे दोन महिने मी रोज जात होते, आणि डॉक्टरसाहेब दवाखान्यातून झोपेचं औषध न बोलता माझ्याजवळ देत होते. एकदा ते स्वतः तिच्या घरी आले. दारात उभे राहिले. ती म्हणाली, "या साहेब, बसा." ते बसले नाहीत, पण गेलेही नाहीत लवकर. त्यांच्यात काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही, मी बाहेर आले होते.

वकिलीणबाई त्यानंतर खूप वर्षं जगल्या. नातसुना पाहिल्या. माझ्याशी त्या पुन्हा पूर्वीसारखं कधी बोलल्या नाहीत, पण माझी बदली झाली तेव्हा निरोप पाठवून जेवायला बोलावलं आणि आग्रह करून वाढलं.

चाची गेल्यावर चाळीसाव्याच्या दुसऱ्या दिवशी पिंजारी माझ्या खोलीवर आला. बसायला सांगितलं तरी उभाच राहिला. म्हणाला, "एक विचारायचं होतं बाई. खरं सांगा. तुमी पह्यल्यांदा घरी आल्या होत्या, त्याच दिवशी मी तिले नेली असती तं? वाचली असती का?"

बाईडॉक्टरचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आला. वकिलीणबाई भिंतीवर बोटं चढवताना दिसल्या. त्याचे हात बघितले, बोटांच्या पेरांवर धनुकलीचे घट्टे. तो म्हातारा झाला होता आणि घरात आता एकटा होता. त्या दिवशी त्यानेच मला विचारलं होतं, तुमी डॉक्टर हात का.

"सांगता येत नाही चाचा," मी म्हटलं. "काही वाचतात, काही नाही."

"पण तुमाले काय वाटते?"

"सांगता येत नाही."

तो मान हलवत राहिला. मग सलाम करून निघून गेला. मी दार लावून घेतलं. डॉक्टरसाहेबांना त्या बाजारच्या दिवशी पडद्यापलीकडे कसं वाटलं असेल ते मला त्या क्षणी थोडं कळलं, आणि तरी त्यांच्यावरचा माझा राग कमी झाला नाही.